शिक्केकाका

चाकू हातात आला की माणूस धार बघतो. शिक्केकाका धारेकडे ढुंकूनही बघत नाहीत. पातं उघडायचं, ते मुठीला जिथं मिळतं तिथं बुडाशी भिंग लावायचं आणि श्वास रोखायचा. ही जमात नांदेडच्या इतवाऱ्यात भंगाराच्या पोत्याशी उकिडवी बसलेली सापडते, तशीच लातूरच्या गंजगोलाईतही. गोलाईला रस्ते फुटतात सोळा. काका सोळाव्यावरही जुनं लोखंड हुंगून येतात.

"काय बघूलालाव काका?" दुकानातला पोऱ्या विचारतो.

"चांदणी."

चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे शेफील्डचे जोसेफ रॉजर्स. ही खूण त्या घराण्याला १७६४ साली मिळाली. मुकुटाच्या दोन अंगांना व्ही आणि आर असले तर राणी व्हिक्टोरियाचा अंमल, म्हणजे १९०१च्या आतला माल. जी आणि आर असले तर जॉर्ज. खाली 'इंग्लंड' दिसलं की काकांचे डोळे आणखी बारीक होतात. १८९१पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, तेव्हापासून कारखाने ते ठोकू लागले. अमेरिकेतल्या केस कंपनीनं तर १९७०मध्ये शिक्क्यात दहा ठिपके घातले आणि दरसाल एकेक कमी केला. असला चाकू काकांना मराठवाड्यात अजून भेटलेला नाही. ठिपके मात्र तोंडपाठ.

"निजामाच्या राज्यातला, आमच्या आजोबांचा," म्हणून कुणी कौतुकानं चाकू पुढं केला, तर काका लगेच परत करतात. "रॉजर्समधला डी कुठाय? नक्कल आहे." त्या घरी मग पुन्हा चहा मिळत नाही.

गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांत कृपाणी मांडलेल्या असतात. तिथं मात्र भिंग खिशातच राहतं. श्रद्धेच्या वस्तूचा कारखाना विचारू नये, एवढी जाण काकांना आहे.

घरात चिराचिरी विळीवर. काकूंनी एकदा जॉर्जच्या चाकूनं कैरी चिरली. त्या दिवशी काका जेवले नाहीत. लोणचं वर्षभर खाल्लं.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर जुना चाकू सापडला तर राखेनं किंवा विटकरीनं घासू नका, तेलाच्या फडक्यानं पुसा. शिक्का गेला की काका त्याला चाकू म्हणत नाहीत.