आलेख शिकवावा, कळू देऊ नये

बाळापूर तालुक्यात सहावी ते आठवीला गणित शिकवायला नव्यानं रुजू झालेल्या गुरुजनांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी: आलेख काढायचा असतो, वाचायचा नसतो. आलेख कागद, टोकदार पेन्सिल, फूटपट्टी, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहून झालं की तास संपतो. प्रमाण विसरला तर अर्धा गुण कापावा. "पण सर, ही रेषा म्हणते काय?" असं विचारणाऱ्याचा अख्खा गुण कापता आला असता तर बरं झालं असतं, पण तशी तरतूद अजून झालेली नाही.

ही खबरदारी इथं जरा जास्तच घ्यावी लागते, कारण इथली पोट्टी बरंच काही घरून शिकून येतात. इथला किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. पावसाळ्यात एक जागा सोडली तर पुराचं पाणी त्याला चहूबाजूंनी वेढतं, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पुलावर उभं राहून पूर बघितलेल्या पोराला 'वेळ आणि पाण्याची पातळी' एवढं नुसतं म्हणा, तो फूटपट्टी न घेता रेषा ओढून मोकळा होतो. चढताना जवळजवळ उभी, उतरताना लांबच लांब. वर सांगतो, "पूर येते भस्सकन, सर, जाते मात्र हयूहयू." उत्तर बरोबर आहे, धोका तोच आहे. बिंदू घेतले नाहीत, सारणी केली नाही, प्रमाण तर नाहीच. फळा लगेच पुसावा.

गतीचा आलेख शिकवताना एसटी टाळावी. टाळता येत नसेल तर बाळापूर-अकोला गाडी घ्यावी. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर बाळापूरपासूनचं अंतर. रेषा चढते, मध्ये थोडी आडवी होते, पुन्हा चढते. आता वर्गाला विचारा. निम्मा वर्ग म्हणेल, "गाडी घाटात चढली, मंग सपाटीवर आली, मंग पुन्हा घाट." बाळापूर ते अकोला वाटेत औषधालाही घाट नाही, हे त्याच पोरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण कागदावर चढ दिसला की डोळ्यांना डोंगर दिसतो. हा रोग फक्त वऱ्हाडचा नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरनं १९८५ साली माल्कम स्वान यांचं आलेखांच्या भाषेवरचं एक अख्खं पुस्तक काढलं. मुलं आलेखाला चित्र समजतात, ही त्यातली एक मोठी काळजी. आपण काळजी करू नये. डोंगर दिसतोय तर दिसू द्यावा, निदान वर्ग शांत राहतो.

फक्त एक प्रश्न चुकूनही विचारू नये: आडव्या रेषेवर गाडीचं काय चाललंय? कारण मागच्या बाकावरचा, रोज अप-डाऊन करणाऱ्या बापाचा पोरगा उठून म्हणेल, "चालते कायची, सर? उभी हाय. व्याळ्याले डायवर चहा पिऊन रायला." एवढ्या एका चहात अख्खा धडा फुटतो. वेळ पुढे सरकतो, अंतर तिथंच राहतं, म्हणून रेषा आडवी. मग दुसरा विचारतो, पुढची रेषा जास्त उभी कावून? कारण डायवर उशीर भरून काढतोय. तिसरा म्हणतो, मंग पार उभी केली तं? तर गाडी एकाच क्षणी बाळापुरात, व्याळ्यात आणि अकोल्यात. पोरं हसतात. त्या हसण्यात फलनाची व्याख्या बसलेली असते: एका वेळेला एकच जागा. पुस्तकातली व्याख्या पाठ करून घ्यायची सोय तिथंच संपते, आणि तुमचा तास वाया जातो.

परतीचा प्रवास काढायला सांगितलात तर सोबत डोकेदुखीची गोळी ठेवा. घरी परत यायचं म्हणून बरीच पोरं रेषा मागं वळवून थेट आरंभबिंदूला नेतात. म्हणजे मावशी दहा वाजता अकोल्याहून निघाल्या आणि आठ वाजता बाळापुरात उतरल्या. रेषा खाली यावी पण उजवीकडेच जावी, हे समजावायला अर्धा तास जातो. त्यापेक्षा मावशींना अकोल्यातच मुक्कामाला ठेवावं.

राष्ट्रीय सणांचाही फायदा घेऊ नये. १५ ऑगस्टला दिल्लीत झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, नुसता फडकवतात. झेंड्याची उंची आणि वेळ यांचा आलेख काढला तर पहिला चढता, दुसरा आडवा. एवढं कळलं की पोरं तुमच्या शाळेचा झेंडा १५ ऑगस्टला कसा असतो ते बघायला लागतील, आणि मुख्याध्यापकांना ते आवडेलच असं नाही.

सर्वात कडक पथ्य कापसाचं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलमागे ७,०२० रुपये होता, २०२४-२५ ला ७,५२१. वाढ ५०१ रुपयांची, शेकडा सातच्या आसपास. उभा अक्ष शून्यापासून धरला तर दोन्ही स्तंभ जुळ्या भावांसारखे दिसतात. अक्ष ७,००० पासून सुरू करा, पहिला स्तंभ २० रुपयांचा उरतो आणि दुसरा ५२१ चा. सव्वीस पट! अक्ष कापला तर बुडाशी नागमोडी खूण करावी असं आपण शिकवतो. पोरानं ती वगळली की गुण जातो, पोस्टर छापणाऱ्यानं वगळली की बहुधा त्याला पुढचं कामही मिळतं. ही खूण पोरांना कागदापुरतीच दाखवावी. भिंतीवरच्या पोस्टरवर शोधायला लावलीत, तर संध्याकाळी बाप विचारतो, "सव्वीस पट झालं म्हनता, मंग माह्या खिशात कावून नाही आलं?"

त्याच कागदावर हमीभाव एका रेषेनं आणि खेडा खरेदीचा, म्हणजे व्यापारी गावात येऊन देतो तो, भाव दुसऱ्या रेषेनं काढा, असं तर अजिबात सांगू नये. दोन रेषांमधली मोकळी जागा पोरं लगेच वाचतात. वाचणारच, असल्या आलेखांची सुरुवातच धंद्यातून झालेली आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं १७८६ साली आयातीची एक आणि निर्यातीची एक रेषा छापली आणि मधल्या फटीत देशाचा नफा-तोटा दाखवला. बाळापूरचा किल्ला पुरा होऊन तेव्हा २९ वर्षं झाली होती. आपल्या पोरांना प्लेफेअर ठाऊक नाही. तरी सातवीतली एक मुलगी त्या कागदाकडं पाहून सहज बोलून जाते, "घरात कापूस असते तवा रेघ खाली, इकून झाला का वर." अशा वेळी खिडकीबाहेर बघावं.

केंद्रप्रमुख भेटीला येणार असतील तर टाचण वही पूर्ण ठेवावी. उद्दिष्टाच्या रकान्यात 'विद्यार्थी आलेखाचे वाचन करतो' असं सुवाच्य अक्षरात लिहावं. भिंतीवर स्केचपेननं रंगवलेले चार स्तंभालेख लावावेत, शक्यतो आवडत्या फळांचे, म्हणजे कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.

इतकं करूनही कुणी विचारलंच, तर शांतपणे सांगावं, "हे नववीत आहे." नववीच्या शिक्षकांनी 'हे आठवीत झालंय' असं सांगावं, यासाठी वेगळं परिपत्रक निघेल.