छावणीची नोटीस खांबावर लागते

2015 साली टेक्सासमध्ये ‘जेड हेल्म’ हा लष्करी सराव जाहीर झाला आणि हूल उठली : बंद पडलेल्या वॉलमार्टच्या दुकानांत आता नागरिकांना डांबणार! गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी राज्याच्या गार्डला चक्क आपल्याच देशाच्या सैन्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सराव संपला, कुणालाही डांबलं नाही. ‘फेमा’ ही आपत्ती निवारण संस्था गुप्त छावण्या बांधतेय, ही आवई त्याच्याही कितीतरी आधीची. इंडियानातल्या बीच ग्रोव्हचा रेल्वेदुरुस्तीचा कारखानासुद्धा त्यात छावणी ठरला होता.

ही आवई खोटी आहेच. शिवाय ती भलत्याच दारावर पहारा बसवते. अमेरिकेत छावण्या खरोखर झाल्या, आणि त्या दिवसाढवळ्या झाल्या.

जपानशी युद्ध चालू असताना, 19 फेब्रुवारी 1942 रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 9066 क्रमांकाच्या आदेशावर सही केली. आदेशात जपान्यांचं नावही नव्हतं. लष्कराने ठरवलेल्या भागातून कुणालाही हलवायची मुभा तेवढी होती. पुढचं काम कागदांनी केलं. कुठल्या वस्तीत जपानी वंशाचे किती, हे जनगणना खात्याने लष्कराला पुरवलं. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा संसदेने ठरवली. खांबाखांबांवर नोटिसा लागल्या. सुमारे 1,20,000 माणसं उचलली गेली. त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक होती. सांता अनिताच्या रेसकोर्सवर अनेक कुटुंबं घोड्यांच्या तबेल्यांत राहिली. तिथून त्यांची रवानगी मान्झानार, हार्ट माउंटनसारख्या दहा छावण्यांत झाली. फ्रेड कोरेमात्सु या तरुणाने हुकूम मानला नाही, तर 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सरकारचीच बाजू उचलून धरली.

अध्यक्ष, संसद, लष्कर, न्यायालय : सगळे सामील, सगळं छापील. कारस्थान शोधणाऱ्याच्या हाती इथे काय लागणार?

कागद वाचणाऱ्यांच्या हाती मात्र लागलं. आणीबाणीत केवळ संशयावरून माणसं डांबण्याची तरतूद 1950 च्या एका कायद्यात होती. ती 1971 मध्ये रद्द झाली. त्यासाठी झटणाऱ्यांत जपानी-अमेरिकन आघाडीवर होते. त्यांच्याच चिकाटीमुळे चौकशी आयोग बसला. या कोंडण्यामागे लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष, युद्धज्वर आणि नेतृत्वाचं अपयश होतं, असं त्याने नोंदवलं. 1988 मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर मिळाले.

आपणही हात झटकू नयेत. 1962 च्या चीन युद्धात आसाम, आजचा मेघालय, बंगाल इथून चिनी वंशाच्या सुमारे 3,000 जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत इथेच जन्मलेली, इथल्या भाषा बोलणारी माणसं होती. काहींची सुटका व्हायला वर्षं गेली. तेही भारत संरक्षणाच्या नावाखाली, रीतसर हुकमानेच झालं. भारत सरकारने त्यांची माफी मागितलेली नाही. ती मागायलाच हवी.

म्हणून भिंतीआडच्या छावण्या हुडकण्यात रात्री घालवू नका. नवा कायदा, नवा वटहुकूम आला की चार प्रश्न विचारा : कुणाला धरणार, कशावरून, किती दिवस, आणि दाद कुठे मागायची? एकाचंही उत्तर सापडलं नाही, तर ओरडा तेव्हाच करायचा, मग नाव शेजाऱ्याच्या जमातीचं का असेना.