तुझ्या काचेच्या कपाटातला तुकडा

मित्रा,

नाव घालत नाही. पण पत्र उघडं लिहितोय, कारण परवा तुझ्या घरी ज्यांनी ज्यांनी तो तुकडा हातात घेऊन 'वा!' केलं, त्यांनाही तो कुठून आला ते कळायला हवं.

मेक्सिकोची आठवण म्हणून तू तो चांदीच्या गणपतीशेजारी मांडलायस. करंगळीएवढा, पांढुरका, एका टोकाला खडीसाखरेसारखा चकाकणारा. त्या चकाकीचं पाहुण्यांना फार कौतुक वाटलं. ती चकाकी म्हणजे मोड आहे. तिथून तू तो मोडलास, आणि मी तुझ्या मागेच होतो.

कान्कुनहून गाडी भाड्याने घेऊन आपण ३०७ नंबरच्या हायवेने तुलूमकडे निघालो, तेव्हा वाटेत एकही नदीवरचा पूल लागला नाही, हे तूच दाखवलंस. युकातानच्या त्या भागात नद्या जमिनीवर नाहीतच. चुनखडीच्या पोटातून वाहतात. छत कोसळून जिथे पाणी उघडं पडतं, ती सेनोते. तिथे डायव्हिंगला उतरण्याआधी गाइडने दहा मिनिटं एकच गोष्ट समजावली होती: कशालाही हात लावू नका. तू मान डोलावलीस. आणि आत, छताजवळ तोल गेल्यावर फिन स्थिर ठेवून श्वासावर सावरायचं सोडून लवणस्तंभ धरलास. माझ्या टॉर्चच्या उजेडात पांढऱ्या भुकटीचा ढग उठला. इथवर मी चूक म्हणेन. पण त्यानंतर तू तो तुकडा शांतपणे जॅकेटच्या खिशात घातलास आणि चेन लावलीस. ती चूक नव्हती. ती चोरी होती.

गाडीत तू म्हणालास, "हजारो आहेत रे तिथे. परत वाढेल." नाही वाढणार. लवणस्तंभ वाढतो तो थेंबाने. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, चुनखडी विरघळवतं, गुहेच्या छताला येऊन लोंबतं. तिथे तो वायू हवेत निघून जातो आणि चुन्याचा एक पापुद्रा मागे राहतो. त्याला हवा लागते. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून खाली होता, तेव्हा त्या गुहा कोरड्या होत्या आणि हे सगळं तेव्हा घडलं. मग बर्फ वितळला, पाणी चढलं, थेंब थांबले. तू मोडलेल्या जागी पाण्याखाली आता एक कणही बसणार नाही. जे वाढणं हजारो वर्षांपूर्वीच थांबलंय, ते तू 'परत वाढेल' म्हणून खिशात घातलंस!

आणि लवणस्तंभ नुसते शोभेचे नसतात. तुलूमजवळच्याच चान होल गुहेत २०१२ साली पाणबुड्यांना माणसाचा सांगाडा सापडला. त्याचे फोटो इंटरनेटवर फिरले आणि थोड्याच दिवसांत तुझ्यासारख्याच कुणीतरी जाऊन बहुतेक हाडं पळवली. कमरेचं एक हाड मात्र तिथेच उरलं, कारण त्याच्यावर लवणस्तंभ चढून ते आत पक्कं बसलं होतं. त्या लवणस्तंभावरूनच शास्त्रज्ञांनी सांगाड्याचं वय काढलं: सुमारे १३,००० वर्षं. अमेरिका खंडातल्या पहिल्या माणसांपैकी एकाचा पुरावा दगडाने राखला, आणि माणसांनी उचलून नेला. जवळच्याच ओयो नेग्रोमधला 'नाइया' या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा सांगाडा शास्त्रज्ञांच्या हाती लागला, कारण २००७ मध्ये तिच्यापर्यंत पोचलेल्या पाणबुड्यांनी तिला हात लावला नाही. त्यांच्याही जॅकेटला खिसे होतेच.

सह्याद्रीतल्या लेण्यांच्या भिंतींवर बाण मारलेली बदामं दिसली की सगळ्यात मोठ्याने शिव्या कोण घालतं? तू. रायगडावर प्लास्टिक वेचायला पोती घेऊन कोण येतं? तू. म्हणून हे जास्त लागलं. आपल्या गडावरचा दगड तो वारसा, आणि माया लोकांच्या देशातला दगड ती शोपीस?

वर आल्यावर गाइडने सगळ्यांना विचारलं, ठीक ना? तू एका हाताने ओकेची खूण केलीस. दुसरा हात खिशावर होता. मी तेव्हा बोललो नाही, तो माझा गुन्हा. परवा तुझ्या घरीही गप्प बसलो. आता बसणार नाही.

तो तुकडा परत चिकटवता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तो गाइड रोज त्याच छताखालून माणसं नेतो. कुठला तुकडा गेला आणि कुणी नेला, हे त्याला कळलं पाहिजे. कपाटातून तुकडा काढ, कापसात गुंडाळ, सोबत पत्र लिही. पत्ता माझ्याकडे आहे. स्पॅनिशची अडचण असेल तर मजकूर मी लिहून देतो. सही तुझी हवी.