आपण आला नाहीत, त्याबद्दल आभार

प्रति,
सन्माननीय व्हेंचर कॅपिटल महोदय,
मुक्काम : पुढची फेरी जिथे असेल तिथे

स.न.वि.वि.

शिरोलीच्या फाउंड्र्या आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांच्याकडे आपण आजवर ढुंकूनही पाहिले नाहीत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. आपल्या या उपेक्षेबद्दल परिसंवादांतून नेहमी हळहळ व्यक्त होते. लघुउद्योगाला गुंतवणूकदार मिळत नाही म्हणून तो खुंटतो, असे निदान केले जाते आणि उपाय म्हणून ‘पिच’ कशी करावी याच्या कार्यशाळा भरतात. आमचे निदान वेगळे आहे. आपण आला नाहीत ते आपल्या हिशेबाला धरूनच. आणि आला असतात तर एक तर आपला हिशेब चुकला असता किंवा आमचा कारखाना बसला असता.

हा हिशेब उदाहरणाने मांडून पाहू. समजा, आपला फंड ५०० कोटींचा आहे आणि दहा वर्षांत त्याचे तिप्पट, म्हणजे १५०० कोटी करण्याचे आपण मनावर घेतले आहे. (दरवर्षीचे साधारण २ टक्के शुल्क आणि नफ्यातला २० टक्के वाटा हे आपले मानधन, ते अर्थातच वेगळे.) आता एखाद्या फाउंड्रीने याच दहा वर्षांत आपली उलाढाल २० कोटींवरून ६० कोटींवर नेली. वर्षाला सुमारे १२ टक्के वाढ. तिच्या मालकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावा अशी कामगिरी. पण ही फाउंड्री ६० कोटींना विकली गेली, तरी आपल्या १५ टक्के हिश्शापोटी हाती पडणार ९ कोटी. १५०० कोटींच्या तक्त्यात ते शोधायला भिंग लागेल. अमेरिकेतल्या कोरिलेशन व्हेंचर्सने २००४ ते २०१३ या काळातल्या २१ हजारांहून अधिक गुंतवणुका तपासल्या, तेव्हा सुमारे ६५ टक्क्यांत मुद्दलसुद्धा पुरते सुटले नव्हते. दहापट किंवा त्याहून जास्त देणाऱ्या होत्या जेमतेम ४ टक्के. म्हणजे चौघांनी शहाण्णवांची भरपाई करायची. ते चौघे कोण हे आधी कळत नाही, म्हणून शंभरच्या शंभर जणांनी ‘ते आम्हीच’ अशा थाटात धावायचे. आपल्याला शंभरांचा खेळ परवडतो. ज्याच्याकडे एकच कारखाना आहे, त्याला नाही.

शिवाय धाव फसली तर कोणी किती सोसायचे, हे आपण करारातच लिहून ठेवता. १० कोटी देऊन आपण २० टक्के हिस्सा घेतलात की कागदावर कंपनी ५० कोटींची होते आणि पेढे वाटले जातात. पुढे ती ३० कोटींनाच विकावी लागली, तर लिक्विडेशन प्रेफरन्सच्या कलमानुसार आपले १० कोटी आधी बाजूला निघतात. हिश्शाप्रमाणे आपल्या वाट्याला ६ यायला हवे होते. वरचे ४ मालकाच्या २४ कोटींतून गेले. यात बेकायदा काही नाही, सहीसुद्धा मालकाचीच असते. मात्र याला ‘जोखमीतली भागीदारी’ म्हणताना आपला आवाज जरासा कापायला हरकत नाही. आणि कागदावरच्या किमतीचे म्हणाल, तर २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन मिरवणारी बायजूज ही ऑनलाइन शिकवणीची कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ती क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून. गुंतवणुकीच्या अब्जावधींच्या फेऱ्या झाल्या, आणि अडले शेवटी एका न चुकवलेल्या बिलापाशी.

यावर आपले वकील म्हणतील, जोखमीचे भांडवलच नसते तर नवे तंत्रज्ञान आले कुठून असते? म्हणणे रास्त आहे. १९५७ मध्ये आपल्या धंद्याचे आद्यपुरुष जॉर्ज डोरिओ यांच्या संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत ७० हजार डॉलर घातले, आणि त्यातून संगणक उद्योगातले एक मोठे नाव उभे राहिले. तारण नाही, बाजारपेठ नाही, नुसती कल्पना आहे, अशा ठिकाणी बँक जाणार नाही. तिथे आपण जावे, हे आम्हाला मान्यच आहे. पण डोरिओ यांनी तो हिस्सा दशकाहून अधिक काळ सांभाळला, हेही आपल्या वकिलांनी सांगावे. आणि ओतीव सुटे भाग किंवा सुती कापड ही काही नुसती कल्पना नव्हे. त्यांना गिऱ्हाईक आहे, ऑर्डर आहे, नफाही आहे. अडते ते वसुलीपाशी.

भंगार, पिग आयर्न, मजुरी आणि वीजबिल यांचे पैसे आधी मोजावे लागतात. बड्या गिऱ्हाइकाचा चेक मात्र त्याच्या सवडीने येतो. मधली खिंड लढवायला लागते ते खेळते भांडवल, आणि त्यासाठी मालकीतला हिस्सा विकणे म्हणजे महिन्याचा किराणा भरायला घरातली एक खोली कायमची विकणे. कायदा आहे : २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल याची हमी कोणताच कायदा देत नाही. म्हणूनच अलीकडे आयकर कायद्याने निराळी युक्ती केली : मुदतीत न दिलेले बिल प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येणार नाही. इथे पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही, आणि देणेकऱ्याच्या खिशाला मात्र थेट चिमटा बसतो. लघुउद्योगासाठी भांडवल उभारण्याचा याहून स्वस्त मार्ग आपल्या एकाही सादरीकरणात आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप घरचाच आहे : इथल्या उद्योजकाला मोठे व्हायचेच नसते, म्हणून तो हिस्सा द्यायला घाबरतो. पण लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा धंदा धरला आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आधाराने कुंडलच्या माळावर कारखाना थाटला. ती समजूत पालटायला जो काळ लागला, तो आपल्या कोणत्या तिमाही अहवालात बसला असता? १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेले लिज्जत पापड आज हजारो बहिणींच्या मालकीचे आहे आणि त्याची उलाढाल शेकडो कोटींत जाते. तेव्हा महत्त्वाकांक्षा होती, घाई नव्हती. हिस्सा न विकता कर्ज काढायचे तर तारणाची अडचण खरी आहे, पण तिच्यावर २००० पासून सीजीटीएमएसई ही पतहमी योजना आहे. शाखाधिकाऱ्याने ती मनापासून राबवावी म्हणून भांडणे, हे आमचे काम. त्यासाठी आपल्याला तसदी नको.

एवढे सांगूनही आमच्याकडे पैसे घालण्याची आपली इच्छा उरत असेल, तर एक रीतसर प्रस्ताव देतो. लघुउद्योगांची स्वीकृत बिले वटवण्यासाठी ट्रेड्स हे व्यासपीठ आहे. मुदत काही आठवड्यांची, व्याज लिलावात ठरलेले, पैसे देण्याची जबाबदारी बड्या खरेदीदाराची. दहापट परतावा नाही, संचालक मंडळावर खुर्ची नाही, मुलाखत नाही. आज तिथे बँका आणि वित्तसंस्थाच असतात; पण धोरण समित्यांवरची आपली ऊठबस पाहता तेवढा नियम आपण सहज बदलून घ्याल. आणि ते जमण्यासारखे नसेल, तर त्याच समितीच्या पुढच्या बैठकीत युनिकॉर्नची संख्या मोजून झाल्यावर एवढेच विचारा, की ४५ दिवसांहून जुनी बिले कोणी किती थकवली आहेत. थकवणाऱ्यांत आपल्याच फंडाच्या कंपन्या निघाल्या, तर आधी त्यांची चुकती करून घ्या.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा.

आपला,
उधारीवर माल देणारा एक पुरवठादार