हात हलवत परत

नेदरलँड्समध्ये चार मराठी घरं एकत्र जेवायला बसली की घरभाडं, पाऊस आणि हाउसार्ट्स या तीन विषयांवर त्यांचं एकमत होतं. एरवी आपलं एकमत कधी होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. हाउसार्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याची चिठ्ठी असल्याशिवाय बालरोगतज्ज्ञाचं दर्शन होत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना आरोग्यविम्याचा हप्ता पडत नाही आणि हाउसार्ट्सकडे जायचे पैसेही पडत नाहीत, त्यामुळे पैशावरून कुरकुर करायची सोय राहिलेली नाही. सगळी कुरकुर मग औषधावर येते. म्हणजे ते न मिळण्यावर.

लेक तीन वर्षांची असताना नोव्हेंबरात तिला ताप भरला. मुलांचे ताप रात्रीच भरतात. आमच्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असताना साताऱ्यात साडेसात झालेले असतात आणि आई चहा घेऊन ताजीतवानी बसलेली असते. हिवाळ्यातला हा साडेचार तासांचा फरक हीच आमची रात्रपाळीची वैद्यकीय सेवा. रात्री-अपरात्री इथेही डॉक्टर असतो, पण आधी फोनवर एका बाईंची खात्री पटवावी लागते. आईची खात्री आधीच पटलेली असते.

"आधी मीठमोहरी ओवाळून टाक. परवा फोटो पाठवलेस ना सगळ्यांना, त्यातच झालंय."

दृष्ट काढण्याला माझी ना नाही. पण ती मोहरी तव्यावर तडतडली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलला, की ज्याची कुणाची दृष्ट होती तो तिथे साताऱ्यात दचकला असेल.

सकाळी दवाखान्यात फोन केला. फोनवर डॉक्टरांची सहायक असते आणि तिचे प्रश्न ठरलेले असतात. पाणी पितेय का? लघवी होतेय का? अंगावर पुरळ? झोपाळलेली, मलूल आहे का? मी आवाजात जमेल तेवढं कारुण्य आणून "अगदी मलूल आहे हो" म्हणत होते आणि मागे कन्या सोफ्यावर उभी राहून डच बालगीत म्हणत होती. सहायकबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताप कुठून मोजलात?" "काखेतून," मी म्हटलं. पलीकडे शांतता पसरली. इथे मुलांचा ताप मागच्या दाराने मोजतात, तोच खरा मानतात. काखेतला ताप म्हणजे अफवा. "तीन दिवसांवर गेला तर परत फोन करा," असं म्हणून त्यांनी मला सुदिन चिंतिला.

तो गेलाच तीन दिवसांवर, आणि आम्हाला वेळ मिळाली. दहा मिनिटं. इथे एका भेटीला दहाच मिनिटं आणि एकच दुखणं. खोकला आणि पोट दोन्ही दाखवायचं असेल तर दुप्पट वेळ आधी मागून घ्यायची. तापलेल्या लेकराला गोधडीत गुंडाळून रिक्षात घालायची माझी पूर्वपीठिका. इथे तिला रेनकोट चढवून सायकलच्या पुढच्या खुर्चीत बसवली आणि समोरून येणारा वारा-पाऊस झेलत निघालो. हे आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने डॉक्टरला सोडून मलाच तपासलं असतं.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन आम्हाला घेऊन गेल्या. पांढरा कोट नाही, जीन्स आणि स्वेटर. आधी लेकीशी हात मिळवला, मग माझ्याशी. कान, घसा, छाती नीट तपासली, सगळं काही मला समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "विषाणू आहे. आपोआप जाईल. हवं तर पॅरासिटामोल."

मी बसून राहिले. आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांकडे खरा कार्यक्रम इथून पुढे सुरू व्हायचा. आत कंपाउंडर गोळ्या कुटायचा, कागदाच्या पुड्या वळायचा, आणि बाटलीत ते गुलाबी पाणी भरून तिच्यावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच सकाळी, एक संध्याकाळी. अर्धा ताप ती बाटली हातात घेऊनच उतरायचा. डॉक्टरांना हातगुण होता म्हणतात, पण माझ्या मते तो त्या बाटलीचा होता.

"अँटिबायोटिक?" मी हळूच विचारलं. बाईंचा चेहरा असा झाला, की मी जणू त्यांच्याकडे गावठी कट्टा मागितला. युरोपात अँटिबायोटिक सर्वांत कमी वापरणाऱ्या देशांत हा देश मोडतो, आणि विषाणूवर ते चालत नाही हे मी स्वतः बी.एस्सी.ला लिहून गुण मिळवलेले आहेत. पण मार्कांचं ज्ञान वेगळं आणि कडेवर तापलेलं मूल असतानाचं वेगळं.

पॅरासिटामोलसुद्धा वजनावर मोजून, आणि तेही तोंडावाटे नव्हे. इथे ताप जिथून मोजतात तिथूनच उतरवण्याची वडी मिळते. ती देताना लेकीने जो प्रतिकार केला त्यावरून ती मलूल नाही हे मलाही मान्य करावं लागलं.

"म्हणजे हात हलवत परत पाठवलं?" आई कळवळली. शेजारच्या फ्लॅटमधल्या ताईंनी लगेच भारतातून आणलेल्या औषधांचा डबा पुढे केला. इथल्या प्रत्येक देशी घरात असा एक डबा असतो, आणि त्यात निम्म्या औषधांची मुदत संपलेली असते. मी नको म्हटलं. दोन दिवसांत ताप गेला. आईने श्रेय मोहरीला दिलं, नवऱ्याने मुगाच्या कढणाला. डॉक्टरीणबाई श्रेय घ्यायला फिरकल्याच नाहीत.

पुढच्या मे महिन्यात साताऱ्याला गेलो आणि लेकीला सर्दी-ताप झाला. त्याच जुन्या डॉक्टरांनी तपासलं आणि लिहायला पेन उचललं. माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, विषाणूच असेल ना? खरंच गरज आहे का औषधांची?"

आईने कपाळाला हात लावला. "लक्ष देऊ नका हो तिच्याकडे. तिकडे राहते ती."

डॉक्टर मात्र खूश झाले. म्हणाले, "अगदी बरोबर आहे बाई तुमचं. लोक ऐकत नाहीत म्हणून द्यावं लागतं. नुसतं पॅरासिटामोल देतो, आपोआप बरी होईल."

मी क्षणभर गप्प बसले.

"तसं नव्हे," म्हटलं, "ती गुलाबी बाटली असू दे."