नाव मोठं, काच खाली

गाड्यांतलं मला कळतं, असा समज आमच्या घरात एकट्या माझाच आहे. गाडी पारखायची माझी रीत सोपी आहे. दार लावायचं आणि कान द्यायचा. 'ठप्प' वाजलं तर गाडी दणकट, 'टण्ण' वाजलं तर नुसता पत्रा. ही विद्या मी लहानपणी मामांच्या फियाटवर कमावली. तिचं दार लागलं की अख्ख्या वाडीला कळायचं, मामा आले.

त्यामुळे नवी गाडी घेताना मी मायलेज विचारलं नाही, एअरबॅगा मोजल्या नाहीत. शोरूममध्ये चारही दारं लावून पाहिली. चारही ठप्प! कंपनीचं नाव सांगत नाही, तिच्याकडे वकील असतील आणि माझ्याकडे हप्ते आहेत. इतकंच सांगतो, की याच नावाची जुनी गाडी आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, वर्षानुवर्षं वापरली होती आणि टायर-बॅटरीपलीकडे तिला काही घालावं लागलं नव्हतं. अण्णांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला. त्यांनी माझ्या नव्या गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली आणि म्हणाले, "रंग बरा आहे." मी ती पसंतीची पावती समजलो.

मग साताऱ्याला नात्यातला साखरपुडा निघाला. ऐन पावसाळ्यातला. शिरवळ मागे पडलं तसं मी व्याख्यान सुरू केलं. विषय : मोठमोठी नावं कशी घसरली. ज्याने आयुष्यभर गाड्या उघडल्या त्याला गाड्यांबद्दल सांगायला धाडस लागतं. ते माझ्यात आहे.

"स्टँडर्ड 2000 घ्या, अण्णा. 1985 साली मद्रासच्या कंपनीने काढली. अंग ब्रिटनच्या रोव्हर एसडी वनचं, जिला युरोपात 'कार ऑफ द इयर'चा मान मिळाला होता. तिकडे त्या बॉनेटखाली साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन मिळायचं. आपल्याकडे काय बसवलं? घरातलंच जुनं दोन लिटरचं. तीनेक वर्षांत खेळ खलास!"

अण्णा म्हणाले, "हं."

"आणि फियाट! कुर्ल्याला 1964 मध्ये डिलाइट निघाली, तिची पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. पाट्या बदलल्या, इंजिन तेच 1089 सीसीचं. बदलणार कशाला? परवान्यांचं राज्य, लोक नंबर लावून वर्षंच्या वर्षं थांबलेले. रांगेतल्या गिऱ्हाइकाचे लाड कोण करतो? 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि रांग तिकडे सरकली."

खंबाटकी घाट लागला. अण्णांना तंबाखू थुंकायची होती. त्यांनी बटण दाबलं. काच चार बोटं खाली गेली, आत कुठेतरी 'खट्' झालं आणि उरलेली काच एका दमात दारात गडप झाली. पाऊस थेट अण्णांच्या नव्या सफारीवर.

"सेन्सर असेल," मी म्हणालो. "आपोआप वर येईल."

काच आली नाही. दारात मोटर तेवढी घरघरत राहिली. अण्णांनी शांतपणे छत्री काढली आणि गाडीतच उघडली. तिची एक काडी माझ्या कानाशी. लाज झाकायला मजजवळ इतिहासाखेरीज काही नव्हतं, म्हणून मी अँबेसिडरकडे वळलो. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली गाडी उत्तरपाड्यात 2014पर्यंत कशी निघत राहिली, हे ऐन रंगात सांगत असताना मागून आवाज आला, "अहो, पुढचा ट्रक बघा."

सुरूरजवळच्या गॅरेजवाल्याने दाराचं पॅनेल काढलं आणि सुपारीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. काच धरणारी क्लिप. "साहेब, जुन्या मॉडेलात इथे लोखंड असायचं. ही सुटी मिळत नाही. मोटरसकट अख्खी असेंब्ली घ्यावी लागेल." आकडा ऐकून मी मूळ तत्त्वाकडे वळलो. "पण दार तर ठप्प वाजतं!" त्याने पत्र्याला आतून चिकटवलेला काळा डांबरी तक्ता दाखवला. "हा त्याच्यासाठीच लावतात."

नंतर वाचलं, की दार लागतानाचा आवाज घडवायला मोटार कंपन्यांत खास इंजिनिअर बसवलेले असतात. लॉक, रबर, आतलं अस्तर सगळं त्या एका 'ठप्प'साठी जुळवतात. म्हणजे माझ्यासारख्या जाणकारांची कंपनीने किती काळजी घेतलेली!

अण्णांनी फळीच्या तुकड्याची पाचर तासली, काच वर ओढून ठोकून बसवली. साखरपुड्यात कोणीतरी नव्या गाडीची चौकशी केली, तेव्हा डाव्या अंगाने ओले असलेले अण्णा म्हणाले, "जावईबापूंची गाडी हवेशीर आहे."

अँबेसिडरचं व्याख्यान अर्धं राहिलं होतं, ते पुरं करतो. 2017 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोने अँबेसिडर विकत घेतली, 80 कोटी रुपयांना. गाडी नव्हे, कारखानाही नव्हे, नुसतं नाव. या भावाने पाहता माझीही गाडी काढायला हरकत नाही. कुणाला हवी असल्यास कळवावं. नाव उत्तम आहे, चारही दारं ठप्प वाजतात. पुढची डावी काच मात्र उघडू नये, पाचर अण्णांची आहे आणि ती त्यांना परत हवी आहे.