कळविण्यात येते की

आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी टिपणीस साहेब यांनी आयुष्यात स्वतः काहीही केलेलं नाही. जे झालं ते त्यांच्या आसपास करण्यात आलं. नोकरीत त्यांना घेण्यात आलं, गडचिरोलीला पाठवण्यात आलं, यथावकाश निवृत्त करण्यात आलं. लग्नसुद्धा, त्यांच्याच तोंडचं वाक्य, '१९८४ साली लावून देण्यात आलं.' तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. नसेल तर तुमच्याकडे नोटीस लिहितं कोण?

नोटीस म्हणजे साहेबांचा खरा प्रांत. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, टाकी साफ करण्यात येणार असल्याने उद्या पाणी सोडण्यात येणार नाही. तरी पाणी आजच भरून ठेवण्यात यावे.' तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चष्मा सावरत हे दोनदा वाचतात आणि विचारतात, "अरे, पण टाकी धुणार कोण?" उत्तर द्यायला तिथे कोणीच नसतं. वाक्यातही नसतं.

कचेरी सुटली तरी वाक्य सुटलं नाही. आमच्याकडे चहाला आले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर घालण्यात आलेली दिसत नाही." बायकोनं मुकाट्यानं डबा पुढे सरकवला. ती सोसते, मी सोसतो. सोसत नाहीत त्या फक्त टिपणीसवहिनी. त्यांच्याकडे एकच शस्त्र आहे, आणि ते रोज पाजळलेलं असतं.

"भाजी आणली जाणं अपेक्षित होतं," साहेब म्हणतात.

"कोणाकडून?"

"संबंधितांकडून."

मग संबंधित पिशवी घेऊन मंडईत जातात.

हे 'कडून' प्रकरण साहेबांनी शोधलेलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला नवीन कर्मणी म्हणतात आणि ते इंग्रजीतल्या पॅसिव्ह व्हॉइसवरून आलं, हे तिथे उघडच लिहिलेलं असतं. उदाहरण ठरलेलं: 'रावण रामाकडून मारला गेला.' चौदा वर्षांचा वनवास, समुद्रावर सेतू, एवढा रामरगाडा करून रामाच्या वाट्याला आलं काय, तर 'कडून'! सरकारी कागदावर तेवढंही उरत नाही. टिपणीस साहेबांनी रामायण लिहिलं असतं तर 'लंका येथील रावण यांस मारण्यात आले असून पुढील कार्यवाहीस्तव प्रकरण बिभीषण यांजकडे वर्ग करण्यात येत आहे' एवढ्यात युद्धकांड आटोपलं असतं.

जुन्या पत्रांत 'जाणिजे' असे, 'ऐसे करणे' असे. हुकूम कोणाचा आणि तो पाळायचा कोणी, दोन्ही स्वच्छ. पुढे गोऱ्या साहेबाच्या कचेरीतलं टपाल मराठीत उतरू लागलं आणि हुकूम सोडणारा कागदावरून हळूच उठून गेला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं, मग १९६४चा राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत करायचं ठरलं. शब्द मराठी झाले. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं 'इट इज हिअरबाय नोटिफाइड' मात्र जागचं हललं नाही. खड्डा बुजवण्यात येईल, चौकशी करण्यात येईल, दोषींची गय केली जाणार नाही. बुजवणारा कोण, चौकशी करणारा कोण आणि गय न करणारा तो शूर पुरुष कोण, हे विचारायची सोय नाही.

एकदा साहेबांनी गाडी मागे घेताना माझ्या स्कूटरचा आरसा तोडला. वर आले, गंभीरपणे म्हणाले, "आपल्या स्कूटरला धक्का दिला गेलेला आहे."

मला आरशापेक्षा वाक्याचा जास्त राग आला. अहो, मराठीत हात झटकायची सोय का कमी आहे? दूध सांडलं. कप फुटला. किल्ली हरवली. धक्का लागला! चार वर्षांचं पोरसुद्धा या भाषेत दोन शब्दांत निर्दोष सुटतं. त्यासाठी विलायतेहून वकील कशाला आणायचा?

"म्हणजे तुम्हीच दिलात ना धक्का?"

"तसं म्हणता येईल."

मग एका जुलैतली ती रात्र. मुसळधार पाऊस, वॉचमन गावाला गेलेला आणि अख्खी इमारत अंधारात. टॉर्च घेऊन खाली उतरलो तर साहेब लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून मीटर रूममधलं पाणी बादलीनं उपसत होते. पाणी उंबऱ्याशी होतं तेव्हाच मेन स्विच पाडला होता. त्यांनीच, दुसरं कोण असणार! मी विचारलं, "लाइनमनला फोन?" मान वर न करता म्हणाले, "करण्यात आलेला आहे." उजाडेपर्यंत आम्ही बादल्या ओतल्या. नऊ वाजता नोटीस लागली: 'मीटर रूममधील पाणी काढण्यात आले आहे. सहकार्याबद्दल आभार.'

वार्षिक सभेत हिशेब वाचले गेले. (बघा, मलाही लागण झाली.) लिफ्टच्या दुरुस्तीपुढे लिहिलं होतं, 'वर्गणी जमा होईपर्यंत खर्च भागविण्यात आला.' ऑडिटरनं मान वर केली. "कोणाकडून?"

साहेब पंख्याकडे बघत बसले. शेवटी खजिनदार पुटपुटले, "साहेबांकडून."

माझी पंचाईत झाली. ज्या वाक्याआड ही माणसं दोष लपवतात म्हणून मी इतकी वर्षं दात-ओठ खात होतो, त्याच वाक्याआड हे गृहस्थ चाळीस हजार रुपये लपवून बसले होते. अर्थात, माझा आरसा अद्याप भरून देण्यात आलेला नाही, हीही नोंद असावी.

या वर्षी त्यांनी पद सोडलं. नवा सेक्रेटरी तरुण, आयटीतला. नोटीस बोर्ड मोडीत निघाला, सगळं व्हॉट्सॲपवर. 'मला हे सांगताना अतिशय आनंद होत आहे की आम्ही घेऊन येत आहोत तुमच्यासाठी एक नवं कचरा धोरण!' इथे कर्ता आहे. चांगला ठसठशीत, फोटोसकट. क्रियापद वाक्याच्या मध्येच चढून बसलंय. कचरा जिन्यात आहे.

परवा आम्ही चौघेजण टिपणीसांकडे गेलो. परत या म्हणालो. साहेबांनी डोळे मिटले, बोटं जुळवली आणि म्हणाले, "विचार करण्यात येईल."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "विचार करण्यात आलेला आहे. यांना सोडण्यात येणार नाही."